अजमेर शर्यतीची सात मिनिटं

गेल्या हिवाळ्यात एक तरुण माझ्याकडे आला. जयपूरच्या जुन्या सायकल शर्यतींवर त्याला पुस्तक करायचंय. हातात फाईल, फाईलीत जुन्या वर्तमानपत्रांच्या कात्रणांच्या नकला. पहिल्याच कात्रणावर मी बोट ठेवलं आणि म्हणालो, "हे खोटं आहे."

तो हसला. "काका, छापलंय ना."

"छापलंय. मीच लिहिलंय."

त्याची दुरुस्तीही छापून आली होती. ती त्याच्या फाईलीत नव्हती. तीन ओळींचं कात्रण कोण कापून ठेवतो? म्हणून आता हे कागदावर घालतोय. ज्याला वाचायचं त्यानं वाचावं.

मी चौथी शिकलो, तीही साताऱ्याकडच्या एका खेड्यात. बाप गेल्यावर मामानं इकडे बोलावून घेतलं. मामा इथल्या मोठ्या इस्पितळात कंपाउंडर होता. त्यानं मला बनी पार्कात एका सेठच्या सायकलच्या दुकानात लावलं. आधी पंक्चर, मग चाकं सरळ करणं, आणि पाच-सहा वर्षांत शर्यतीच्या सायकली. अख्ख्या शहरात शर्यतीचं चाक माझ्यासारखं कुणी बांधत नव्हतं. हे मी माझ्या तोंडानं सांगतोय, पण विचारायला आता कुणी उरलेलं नाही.

तेव्हा पैशासाठी सायकल चालवणारी माणसं असायची. दुकानदार त्यांना महिन्याचं बांधून घ्यायचे, सायकल द्यायचे, पाठीवर दुकानाचं नाव शिवलेली बनियन द्यायचे. माणूस जिंकला की दुकानावर पाटी लागायची आणि पुढचे सहा महिने गिऱ्हाईक त्या पाटीखालून आत यायचं. सगळ्यात मोठी शर्यत जयपूर ते अजमेर. ऐंशी-पंच्याऐंशी मैल. सकाळी सहाला स्टेशनाजवळून सुटायची.

आमच्या सेठचा माणूस बगरूच्या पुढच्या गावचा दूधवाला होता. रोज पहाटे दोन मोठे कॅन लावून शहरात यायचा आणि दुपारी रिकामा परत जायचा. सेठनं त्याला रस्त्यावर बघितलं आणि दुकानात आणलं. पहिल्याच वर्षी त्यानं अजमेरची शर्यत आजवर कुणीच गेला नव्हता इतक्या कमी वेळात मारली. सेठनं पेंटर बोलावून पाटी लिहून घेतली. वर त्याचं नाव, खाली लागलेला वेळ. त्याला वाचता येत नव्हतं. पाटी लागली त्या दिवशी त्यानं मला विचारलं, "मिस्त्रीजी, मेरा नाम कौन-सा है?" मी बोटानं दाखवलं. मग तो दर वेळी दुकानात शिरताना मान वर करून तिथेच बघायचा.

मी बातम्या लिहायला लागलो ते असं. एका हिंदी वर्तमानपत्राच्या कचेरीतल्या सायकली आमच्याकडे दुरुस्तीला यायच्या. शर्यतीसाठी पहाटे उठायला त्यांचा एकही माणूस तयार नसायचा. संपादक म्हणाले, "मिस्त्रीजी, तुम तो वहीं रहते हो, तुम ही लिख लाओ. हिंदी हम सुधार लेंगे." आणि पहिल्याच दिवशी एक नियम घालून दिला. "एक आदमी कहे तो गप, दो आदमी कहें तो खबर."

मी तो नियम घट्ट धरला. दोन माणसांना विचारल्याशिवाय एक अक्षर लिहीत नव्हतो. त्यावर माझी स्वतःची तपासणी वेगळी. एकदा अजमेरला पाचवा आलेल्या गड्याला लोकांनी हार घातला. मी त्याच्या सायकलची चेन बघितली. अख्खी दौड मारलेल्या सायकलची चेन धुळीनं काळी ठिक्कर पडते, ह्याच्या चेनवर ओलं तेल चमकत होतं. मी किशनगढपर्यंत मागे जाऊन दोन ढाबेवाल्यांना विचारलं. गडी ट्रकवर सायकल टाकून आला होता. बातमीत मी पाचवा नंबर रिकामा सोडला. दुसऱ्या दिवशी त्याचे चार भाऊ दुकानात आले. मी पाना हातात घेऊन उभा राहिलो. लिहिलेलं बदललं नाही.

तर ते वर्ष. आमचा दूधवाला शर्यतीच्या दोन आठवडे आधी कॅनसकट पडला आणि गळ्याचं हाड मोडून बसला. हात झोळीत. त्यामुळे तो उतरला नाही. समोरच्या दुकानानं दिल्लीहून एक गडी आणला होता. चालवणारा चांगला होता, त्याच्यावर माझा राग नाही.

वेळ धरायला शर्यतवाले नेहमी मराठी माणसं बोलवायचे. "महाराष्ट्रियन टाइम के पक्के होते हैं," असं शहरात सगळे म्हणत. त्या वर्षी सुटायच्या जागी दोघं होते. एक कॉलेजात इतिहास शिकवणारे सर, बनी पार्कातच राहायचे. दुसरे इस्पितळातले डॉक्टर, माझ्या मामाचे साहेब. अजमेरला शेवटच्या रेषेवर रेल्वेतला एक गार्ड घड्याळ घेऊन उभा होता. सर आणि डॉक्टर दोघांनी आपापली घड्याळं बघितली, सरांनी रुमाल खाली केला, सायकली सुटल्या. कागदावर दोघांनी लिहिलं, सहा वाजता, आणि खाली सह्या केल्या. मी मागच्या ट्रकमध्ये बसलो, सुटी चाकं घेऊन.

दिल्लीचा गडी पहिला आला. गार्डनं वेळ लिहून दिली. त्यातून सहा वजा केले तर आमच्या दूधवाल्याच्या वेळेपेक्षा चार मिनिटं कमी. मी परत आल्यावर सरांना विचारलं, "सर, बरोबर सहा?" "बरोबर सहा." डॉक्टरांना विचारलं. "सहा, एक सेकंद इकडे-तिकडे नाही." दोन माणसं झाली. मी लिहिलं. छापून आलं, मोठ्या अक्षरात.

आमच्या सेठनं आठवड्यात पाटी पुसली आणि महिन्यात दिल्लीच्या गड्याला फोडून आमच्या दुकानात आणलं. पाटीवर नवं नाव चढलं. दूधवाला हात झोळीत घेऊन आला तेव्हा सेठ म्हणाले, "भाई, सायकल दे जाना. अब तो रिकॉर्ड भी गया, हाथ भी गया." त्यानं दुसऱ्या दिवशी भाच्याकरवी सायकल पाठवली. धुऊनपुसून, चेनला तेल लावून.

पुढे दिवाळीच्या आधी सरांच्या मुलीची सायकल दुरुस्त करायला मी त्यांच्या घरी गेलो. अंगणात ब्रेक बसवत होतो. बाईंनी चहा आणला. मला दुपारी एक गिऱ्हाईक होतं, म्हणून मी खिडकीतून भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं आणि घाईनं उठलो.

"बसा हो," बाई म्हणाल्या. "ते सात मिनिटं पुढे आहे. मुद्दाम ठेवलंय. नाहीतर ह्यांचं काही आवरत नाही सकाळी."

यात नवं काही नाही. आमच्या मामाकडचं दहा मिनिटं पुढे असायचं. जयपुरात मी ज्या ज्या मराठी घरात गेलो तिथलं घड्याळ पुढेच बघितलं. घरातल्यांना सवय असते, मनातल्या मनात वजा करतात. तोच आमचा वेळेचा पक्केपणा.

मी सहज म्हणून विचारलं, "आणि सरांचं मनगटावरचं?"

"तेही ह्याच्यावरच लावतात की. रोज सकाळी चावी देताना."

चहा माझ्या हातात तसाच राहिला. "त्या शर्यतीच्या दिवशी पण?"

"त्या दिवशी तर डॉक्टर पण इथंच आले होते पहाटे. माझ्या हातचा चहा घेतला, दोघांनी घड्याळं जुळवून घेतली आणि गेले. का हो?"

काही नाही म्हणालो. ब्रेक कसा बसवला ते आठवत नाही.

दोन माणसं खरी, पण दोघं एकाच भिंतीवर बघून आलेली. म्हणजे मी एकालाच दोनदा विचारलं होतं. सायकली सहाला सुटल्याच नव्हत्या, सात मिनिटं आधीच सुटल्या होत्या. आणि अजमेरच्या गार्डचं घड्याळ रेल्वेचं, ते मिनिटाला पक्कं. सात मिनिटं त्या गड्याला फुकट मिळाली. त्यातली चार पुरली रेकॉर्ड मोडायला. खरं म्हणजे दिल्लीचा गडी आमच्या माणसापेक्षा तीन मिनिटं हळूच गेला होता.

पण बाईंच्या एका वाक्यावर मी लिहिणार नव्हतो. एकदा फसलो होतो. मला आठवलं, लोको शेडचा सहाचा भोंगा झाला तेव्हा आमचा ट्रक चालू झालेला होता आणि ड्रायव्हर शिवी देऊन म्हणाला होता, "अब बज रहा है." मी स्टेशनाबाहेरच्या चहावाल्याकडे गेलो. त्याला काही सुचवलं नाही, नुसतं विचारलं, शर्यतीच्या दिवशी भोंगा कधी झाला?

"भोंगा? वो तो सब निकल गए उसके बाद बजा. मेरी तो सारी चाय धरी रह गई. लोग छह बजे आने वाले थे, तब तक सड़क खाली."

शेडमध्ये जाऊन फोरमनला विचारलं, भोंगा कशावर वाजवता? स्टेशनच्या घड्याळावर. अजमेरच्या गार्डला कार्ड टाकलं. त्याचं उत्तर आलं, घड्याळ त्या सकाळी स्टेशनवर लावलं होतं, आणि खाली त्याची सही. आता माझ्याकडे तीन माणसं होती आणि तिघांची एकमेकांशी ओळख नव्हती.

सरांकडे गेलो ती संध्याकाळ मी विसरणार नाही. ते व्हरांड्यात खुर्चीत होते. मी उभाच. त्यांनी बस म्हटलं नाही. सगळं सांगितलं.

"म्हणजे मी खोटं लिहिलं?"

"खोटं नाही सर. चूक झाली."

"अरे, दोघांच्या सह्या आहेत त्या कागदावर. लेखी पुरावा आहे. आणि तू कुणाचं ऐकून आलास? चहावाल्याचं?" ते हसले. "मी तीस वर्षं इतिहास शिकवतोय. पुरावा कशाला म्हणतात ते तू मला शिकवणार? कितवी शिकलास तू?"

"चौथी."

"मग?"

मी म्हणालो, "सर, घड्याळ आत भिंतीवर आहे. आत्ता स्टेशनवर जाऊन ताडून बघू. पाच मिनिटांचा रस्ता आहे."

ते उठले नाहीत. आतून बाईंच्या बांगड्यांचा आवाज आला आणि थांबला. सर म्हणाले, "तुझ्या दुकानाचा माणूस हरला म्हणून हे चाललंय. सगळ्या जयपूरला कळेल ते."

आता ह्याला काय म्हणावं? आमच्या दुकानाचा माणूस तर आता दिल्लीचा गडी होता. सेठला कळलं तेव्हा तेच मला म्हणाले, "पागल हो गए हो? अपनी ही दुकान का बोर्ड उतरवाओगे?" मी म्हणालो, बोर्ड चुकीचा आहे. ते म्हणाले, "बोर्ड मेरा है."

डॉक्टर बरे. त्यांनी मला दवाखान्याच्या मागच्या खोलीत नेलं, दार लावलं आणि म्हणाले, "तू म्हणतोस ते खरं आहे. मी त्यांच्या घड्याळावरच लावलं होतं. माझं बंद पडलं होतं रात्रीत."

"मग तेवढं लिहून द्या, साहेब."

"ते नको. इथं आपली पंचवीस घरं. एका गणपतीला बसतो आम्ही. तुला कळतंय ना?"

मला कळत होतं. मामालाही कळलं. त्यानं दोन दिवस माझ्याशी बोलणं टाकलं आणि तिसऱ्या दिवशी म्हणाला, "सात मिनिटांसाठी एवढं? कोण तो, आपला ना तुपला!" मी म्हणालो, त्याचं नाव होतं त्या पाटीवर. मामा म्हणाला, "त्याला वाचता तरी येत होतं का?"

मी संपादकांकडे गेलो. चहावाल्याचं म्हणणं कागदावर लिहून त्याचा अंगठा घेतला होता. फोरमनची चिठ्ठी, गार्डचं कार्ड. संपादकांनी सगळं वाचलं, चष्मा काढला आणि म्हणाले, "बात तो ठीक है. पर प्रोफेसर साहब हमारे यहाँ लेख लिखते हैं." मी दर आठवड्याला जायला लागलो. कचेरीतला शिपाई मला बघून म्हणायचा, "आ गए सात मिनट." मी बाकावर बसून राहायचो. शेवटी कंटाळून एक दिवस त्यांनी कागद ओढला आणि माझ्यासमोर लिहिलं. दुसऱ्या दिवशी आतल्या पानावर, बाजारभावाच्या खाली, छापून आलं. जयपूर-अजमेर साइकिल दौड़ के समाचार में विजेता का समय हमारे संवाददाता की भूल से गलत छप गया था. वास्तविक समय सात मिनट अधिक था. पाठक सुधार लें.

संवाददाता म्हणजे मी. सरांचं नाव नाही, घड्याळाचं नाव नाही. चौथी शिकलेल्या मिस्त्रीची भूल. पुढच्या शर्यतीला बातमी लिहायला त्यांनी दुसरा माणूस पाठवला. त्या भाद्रपदात गणपतीचं निमंत्रण मामाच्या नावानं आलं, आधी दोघांच्या नावानं यायचं. सेठनं पाटी उतरवली नाही. म्हणाले, "किसने पढ़ा?"

मी ते सगळं सोसलं असतं. सोसलंच. माझ्या मनात एकच होतं, की त्या माणसाला त्याचं रेकॉर्ड परत मिळालं. ते त्याला आपल्या तोंडानं सांगायचं. रविवारी पेपर खिशात घातला आणि सायकलवर बगरूच्या पुढे गेलो.

तो गोठ्यात होता. हात सुटला होता, पण खांदा थोडा खाली राहिला होता. त्याची आई बाजेवर, बायको कॅन घासत होती. छाछ दिली. मी म्हणालो, बैस, वाचून दाखवतो. तिन्ही ओळी वाचल्या, सावकाश. मग काय झालं होतं तेही सांगितलं, भोंगा, भिंतीवरचं घड्याळ, गार्ड, सगळं. तो उकिडवा बसून ऐकत होता.

"एक बार फेर बांचो."

मी परत वाचलं.

"ईं में म्हारो नाम छै कांई?"

माझं नाव आहे का ह्यात, विचारत होता. त्याची आईही माझ्याकडे बघायला लागली, बायकोचा हात कॅनवर थांबला. मी छापील ओळींकडे बघितलं. इतके महिने मी त्या तीन ओळींसाठी बाकावर बसलो होतो आणि त्यात त्याचं नाव नाही हे मला तेव्हा दिसलं. वेळ चुकली एवढंच होतं. मग रेकॉर्ड कुणाचं, ते नव्हतं.

तिघांपैकी कुणालाच वाचता येत नव्हतं. मी एक नाव जास्तीचं वाचलं असतं तर कुणाच्या बापाला कळणार होतं? त्या म्हातारीनं गावभर सांगितलं असतं. पण छापलं नव्हतं ते मी आयुष्यात कधी वाचलं नाही.

"नाही," मी म्हणालो. "नाव नाही."

त्यानं मान हलवली. रागावला असता तर बरं झालं असतं. गवताची काडी घेऊन जमिनीवर रेघा ओढत बसला आणि मग म्हणाला, मी त्याच्या बोलीतलं आपल्या बोलीत सांगतो, "मिस्त्रीजी, हे मला त्याच दिवशी माहीत होतं."

"काय?"

"तो गडी माझ्या वेळेत गेला नाही हे. मी इथंच उभा होतो रस्त्याला, झोळीतला हात घेऊन. पश्चिमेचा वारा होता, अजमेरकडचा, समोरून. सगळे मान खाली घालून कुथत चालले होते. माझ्या वर्षी वारा नव्हता, तरी माझा जीव निघाला होता. त्या वाऱ्यात रेकॉर्ड कसं होईल?" मग माझ्याकडे बघून म्हणाला, "तुम्ही चहावाल्याला विचारलंत. शेडमध्ये विचारलंत. अजमेरला कार्ड टाकलंत. मला कधी विचारलंत?"

मी पेपरची घडी घालून खिशात ठेवली.

"वारा तुम्हालाही लागला असेल ना?"

"मी ट्रकमध्ये होतो," मी म्हणालो.